एका घरातला दुरावा: नवरा-बायकोत नेमकं काय तुटतं

सातारा-सांगलीकडं एखाद्याचा संसार बरा चाललाय की नाही, हे लोक एका गोष्टीवरून ठरवतात: घरातला आवाज गल्लीत येतो का. येत नसेल तर 'चांगलं चाललंय' असं धरलं जातं. हा निकष फसवा आहे. त्याच्यामुळं मनानं कधीच वेगळी झालेली जोडपी वर्षानुवर्षं कुणाकडं मदत मागत नाहीत, आणि रोज तणतणणारी पण एकमेकांना धरून असलेली जोडपी उगाच घाबरतात.

मनानं वेगळं झालेल्या घरातही व्यवहार नीट चालू असतो. उसाचं बिल जमा झालं का, सोसायटीचा हप्ता कधी आहे, पोराच्या क्लासची फी, मेहुण्याच्या पोरीच्या लग्नात आहेर किती करायचा, ही सगळी बोलणी होतात. थांबलेलं असतं ते वेगळंच. दिवसभरात मनाला लागलेलं, आवडलेलं, भीती वाटलेलं काही या माणसाला सांगावं, ही ओढच उरलेली नसते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ पॉल बोहॅनन यांनी १९७० मध्ये घटस्फोटाचे सहा पैलू मांडले. त्यांत कायद्याच्या घटस्फोटापासून भावनिक घटस्फोट वेगळा काढून त्यांनी तो सगळ्यात आधी ठेवला. आपल्याकडं बरीच लग्नं या पहिल्या टप्प्यावर येऊन तिथंच थांबतात. पोरं, जमीन, म्हातारे आईबाप आणि भावकी यांच्यामुळं कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. बाहेरून लग्न शाबूत दिसतं, आत दोन माणसं एकेकटी राहत असतात.

मानसशास्त्रात हे मोजायची साधनंही आहेत. ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली गेली. ३२ प्रश्न, ० ते १५१ गुण. त्यात भांडणाबद्दलचे प्रश्न आहेत, पण बाकीचे काय विचारतात ते बघण्यासारखं आहे: तुम्ही दोघं मिळून हसता का? एखाद्या विषयावर शांतपणे बोलता का? एखादं काम जोडीनं करता का? मनातली गोष्ट जोडीदाराला सांगता का? घरी कागद-पेन घेऊन गुण काढायची गरज नाही. हे चार प्रश्न स्वतःला विचारून 'शेवटचं कधी?' याचं उत्तर शोधलं, तरी बरंच कळतं.

भांडणापेक्षा धोक्याचं काय, यावर जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोन संशोधकांचं काम फार मोलाचं आहे. त्यांनी अमेरिकेतल्या ७९ जोडप्यांचा १४ वर्षं माग ठेवला. सुरुवातीला प्रत्येक जोडप्याला पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन गप्पा मारायला सांगितल्या होत्या: आजचा दिवस कसा गेला, वादाचा एखादा विषय, आणि आनंदाचा एखादा विषय. चेहरे, शब्द, हृदयाची गती, सगळं नोंदवलं. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत जी जोडपी मोडली, त्यांच्या बोलण्यात कडवटपणा आधीपासून भरपूर होता. उशिरा मोडलेल्या जोडप्यांत मात्र तसा कडवटपणा ठळक नव्हता. त्यांच्या बोलण्यात हसू, कुतूहल, आपुलकी यांपैकी काहीच सापडत नव्हतं. वादातही नाही आणि दिवस कसा गेला हे सांगतानाही नाही. शांत घराला धोका नाही, या समजुतीला याहून सरळ उत्तर मिळणार नाही.

हे आकडे परदेशातल्या, नवरा-बायको दोघंच राहणाऱ्या घरांतले आहेत. सासू-सासरे, दीर-जाऊ असलेल्या आपल्या घराला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यामागची मनाची यंत्रणा इथंही तीच दिसते.

<b>छोट्या हाका</b>

दुराव्याची सुरुवात बहुतेक वेळा इतक्या लहान जागी होते की ती कुणाच्या लक्षात राहत नाही. बायको भाकरी थापता थापता म्हणते, "आज वारं किती सुटलंय." वाऱ्याची माहिती देणं हा तिचा हेतू नाही. ती बघतेय की हा माणूस आपल्याकडं वळतो का. नवरा म्हणाला, "व्हय, बागेतलं शेडनेट बघून यायला पायजे," तरी पुरे. मान वर करून "हं" म्हणाला तरी चालतं. मोबाईलवरून नजरच हलली नाही, तर ती हाक वाया गेली. "तुला काय, घरात बसून वारंच दिसणार," असं उत्तर आलं, तर पुढची हाक येणारच नाही.

गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांतल्या अशा हाका मोजल्या आणि सहा वर्षांनी तीच जोडपी पुन्हा तपासली. जी एकत्र होती, त्यांनी सुरुवातीला शंभरातल्या ८६ हाकांना प्रतिसाद दिला होता. जी वेगळी झाली होती, त्यांचा आकडा ३३ होता. म्हणजे जुळलेल्या जोडप्यांच्याही चौदा हाका वाया जातातच. सगळ्या झेलाव्या लागत नाहीत.

हाक वाया गेली की माणूस लगेच भांडत नाही. तो पुढच्या वेळी थोडं कमी सांगतो. मग बहिणीला फोन करून सांगतो, मग मित्राला, मग कुणालाच नाही. बरेच नवरे म्हणतात, "ती एकाएकी बदलली." एकाएकी काही झालेलं नसतं. तिनं हाका मारणं थांबवलं, आणि आधी त्या ऐकू येत नसल्यामुळं थांबलेलंही कळलं नाही. बायकोकडून नवऱ्याच्या हाका चुकतात तेव्हाही हेच घडतं. पुरुषांच्या हाका बहुधा कामाच्या भाषेत येतात. "यंदा मण्यांची फुगवण बरी झालीय" हे वाक्य द्राक्षाबद्दल असतं आणि स्वतःबद्दलही.

<b>तीच गोष्ट, दोन अर्थ</b>

दुसरा मोठा फरक अर्थ लावण्यात आहे. समजा, तासगावला बेदाण्याच्या सौद्याला गेलेला नवरा रात्री दहाला आला आणि मधे फोन केला नाही. जुळलेल्या घरातली बायको चिडते, पण कारण परिस्थितीत शोधते: सौदा लांबला असेल, बॅटरी संपली असेल. दुरावलेल्या घरात कारण स्वभावात सापडतं: "याला माझी किंमतच नाही." आणि तोच नवरा दुसऱ्या दिवशी येताना भजी घेऊन आला, तर जुळलेल्या घरात 'आठवण ठेवली', दुरावलेल्या घरात 'काहीतरी काम असणार'.

फ्रँक फिंचम आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. दुःखी जोडपी जोडीदाराच्या वाईट वागण्याचं कारण कायमचं आणि मुद्दाम केलेलं मानतात, चांगल्या वागण्याचं कारण मात्र तात्पुरतं आणि स्वार्थाचं. या चष्म्यातून बघितल्यावर समोरच्यानं काहीही केलं तरी पुरावा एकाच बाजूला जमा होतो. म्हणूनच दुरावलेल्या जोडप्यातला एकजण सुधारायला लागला की पहिल्या काही आठवड्यांत फळ दिसत नाही. त्याचं चांगलं वागणंही संशयानंच मोजलं जातं. बहुतेक प्रयत्न इथंच सोडून दिले जातात, आणि ते फार वाईट वाटण्यासारखं आहे. कारण आणखी थोडा दम धरला असता तर समोरच्याचा हिशेब बदलायला लागला असता.

<b>भांडताना शरीरात काय होतं</b>

वाद तापला की काहींच्या हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरावर जातात, अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं. या अवस्थेत ऐकू येतं, पण नवीन काही समजून घेता येत नाही. मग माणूस एकतर ओरडतो नाहीतर दगडासारखा गप्प होतो. गप्प बसलेला नवरा बेफिकीर दिसतो. आत मात्र त्याची छाती धडधडत असते. बायकोला वाटतं आपण भिंतीशी बोलतोय, म्हणून ती आवाज चढवते. आवाज चढला की तो आणखी मिटतो. एकानं मागं लागायचं आणि दुसऱ्यानं पळ काढायचा, हा फेरा दुरावलेल्या जोडप्यांत सगळ्यात जास्त दिसतो. अँड्र्यू ख्रिस्तेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये दाखवलं की यात स्वभावापेक्षा गरज कुणाची आहे हे पुष्कळ ठरवतं. ज्याला बदल हवा असतो तो मागं लागतो, ज्याला आहे ते बरं वाटतं तो टाळतो. घरकाम, मुलं, सासरचं वागणं यांत बदल बायकोला हवा असतो, म्हणून 'बायका कटकट करतात' असं दिसतं.

भांडणातल्या चार सवयी गॉटमन विशेष घातक मानतात: चुकीऐवजी माणसावरच बोट ठेवणं, प्रत्येक गोष्टीवर स्वतःचा बचाव करणं, भिंत होऊन बसणं, आणि तुच्छता. चौथी सगळ्यांत वाईट. डोळे फिरवणं, चारचौघांत नक्कल करणं, "तुझ्या बापानं काय शिकवलं?" म्हणणं, पगार किंवा माहेर काढणं. राग म्हणतो 'तू हे चुकीचं केलंस'. तुच्छता म्हणते 'तू माझ्या पायरीचा नाहीस'. पहिल्यातून परत येता येतं. दुसऱ्यातून परत येणं फार जड जातं.

वैराची ही झळ शरीरालाही लागते. जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांच्या २००५च्या अभ्यासात ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड आणून ते किती दिवसांत भरतात ते पाहिलं. एकमेकांशी जास्त वैरभावानं बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या सुमारे ६० टक्केच होता.

मग जुळलेली जोडपी भांडतच नाहीत का? भांडतात, आणि त्याच त्याच विषयावर भांडतात. गॉटमन यांच्या मते जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत, कारण ते स्वभावातल्या फरकातून आलेले असतात. एकाला पैसा साठवायचा असतो, दुसऱ्याला घर बांधायचं असतं. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, वाद सुरू कसा होतो. पहिल्या तीन मिनिटांचा सूर पुढच्या सगळ्याचा अंदाज देतो. दोन, मधेच कुणीतरी सांधायचा प्रयत्न करतं: "बरं, माझंच जरा चुकलं", "थांब, पाणी पिऊन बोलू." हा प्रयत्न दुरावलेली जोडपीही करतात. पण तो स्वीकारला जात नाही, कारण अर्थ लावायचा चष्मा आडवा येतो. भांडताना एका कडू गोष्टीमागं पाच बऱ्या गोष्टी, हे गॉटमन यांचं प्रमाण बरंच प्रसिद्ध आहे. ते प्रयोगशाळेत वादाच्या वेळी मोजलेलं आहे. घरी बोटं मोजत बसलं तर त्यातला जीवच जातो.

<b>चांगली बातमी सांगितल्यावर</b>

दुःखात साथ सगळेच तपासतात. शेली गेबल यांनी आनंदातली साथ तपासली, आणि नात्याबद्दल ती बरंच जास्त सांगते असं त्यांना दिसलं. समजा बायकोच्या बचत गटाला कांदा-लसूण चटणीची चाळीस किलोची ऑर्डर मिळाली. नवऱ्याची उत्तरं चार तऱ्हेची असू शकतात. "अरे वा! कुणाकडनं आली? मिरच्या कुठनं आणणार?" हे पहिलं. "बरं झालं," म्हणून पुढं जाणं हे दुसरं. "एवढं कांडून देणार कोण? तब्येत बिघडली म्हणजे?" हे तिसरं. "माझा चार्जर कुठाय?" हे चौथं. नातं फक्त पहिल्या उत्तरानं वाढतं. तिसरं उत्तर देणाऱ्याला आपण काळजी करतोय असं मनापासून वाटत असतं. काळजी योग्यही असेल, पण ती उद्या सांगावी.

<b>लांब राहणारे</b>

या दोन जिल्ह्यांचा स्वतःचा एक प्रश्न आहे. माण-खटाव, जावळी, पाटणचे पुरुष मुंबईत माथाडी किंवा कंपनीत, खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई व्यवसायासाठी देशभर, अपशिंग्यासारख्या गावांतले जवान सीमेवर. अंतरानं दुरावा येतोच असं नाही. फोनवरचं बोलणं "पैसे मिळाले का, पोरगं शाळेत गेलं का, आईच्या गोळ्या आणल्या का" एवढ्यावर आलं की मात्र येतो. फोन रोज तासभर असण्यापेक्षा ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा असावा, आणि त्यात हिशेबाबाहेरचा एक तरी प्रश्न असावा. सुट्टीवर आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस हमखास भांडणाचे असतात. बायकोनं वर्षभर एकटीनं घर चालवलेलं असतं आणि नवरा येताच कारभार हातात घ्यायला बघतो. त्या दिवसांत कुठलाही निर्णय बदलू नये. ती कसं चालवते ते आधी बघावं.

<b>सुरुवात कुठून करायची</b>

आधी तीन गोष्टी बाजूला काढून तपासा. मारहाण किंवा भीती असेल तर खाली दिलेलं काहीही लागू नाही. तिथं आधी सुरक्षितता. दारू असेल तर तिचा उपचार आधी. आणि जोडीदार दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नसलेला असेल, तर तो दुरावा नसून नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो.

यातलं काही नसेल तर पहिले दोन आठवडे जुन्या तक्रारींना हात लावू नका. मोठा विषय एकदाचा 'मोकळा करून टाकू' म्हणणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. विश्वासाचा साठाच नसताना ते बोलणं दहा मिनिटांत जुन्या भांडणावर जातं. या काळात फक्त छोट्या हाका झेलायच्या: मान वर करायची, एक प्रश्न विचारायचा.

त्याच्याबरोबर रोज वीस मिनिटं, दहा एकाची, दहा दुसऱ्याची. विषय घराबाहेरचा: कामावरचा ताण, रानातली अडचण, मैत्रिणीचं दुखणं. ऐकणाऱ्यानं उपाय सांगायचा नाही आणि समोरच्या पक्षाची बाजू घ्यायची नाही. "मुकादमाचंही बरोबर असेल की" हे वाक्य या वीस मिनिटांत नको. भरल्या घरात बोलायला जागा कुठं, ही खरी अडचण आहे. त्यावर जोडपी जेवण झाल्यावर अंगणात चालणं, गच्चीवर कपडे काढायला दोघांनी जाणं, रानात एकत्र जाऊन बांधावर बसणं असे मार्ग काढतात. झोपायच्या खोलीत दिवा मालवल्यावर हे करू नका. दमलेला माणूस झोपतो आणि दुसऱ्याला ती टाळाटाळ वाटते.

तीनेक आठवड्यांनी एक तक्रार काढा. एकच. तिचे तीन भाग असावेत: काय घडलं, मला काय वाटलं, पुढं काय हवंय. "तुम्ही कायम आत्यांचंच ऐकता" यात यांपैकी काहीच नाही. "अहो, काल आत्यांसमोर माझं बोलणं तोडलंत, मला फार लागलं. पुढच्या वेळी माझं पुरं होऊ द्या," यात तिन्ही आहेत आणि नवऱ्याला करता येईल असं काही आहे. 'कायम', 'कधीच', 'तुमच्याकडचे' हे शब्द आले की समोरचा बचावाला लागतो.

वाद तापला तर थांबायचा एक शब्द आधीच ठरवून ठेवा. थांबणं किमान वीस मिनिटांचं हवं, कारण शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या वीस मिनिटांत मनात उत्तरं जुळवत बसलं तर ठोके खाली येत नाहीत. गुरांना वैरण टाका, भांडी घासा, चालून या. आणि जो थांबतो त्यानंच परत यायची वेळ सांगायची: "नऊ वाजता बोलू." ही वेळ पाळली नाही तर थांबणं आणि पळ काढणं यांत काही फरक राहत नाही. मागं लागणाऱ्या जोडीदाराला एवढीच खात्री हवी असते.

भावकीची बैठक शक्यतो नको. चार माणसांसमोर बोललेला शब्द मागं घेता येत नाही, आणि दोघांचा प्रश्न दोन घराण्यांचा होतो. तसंच प्रत्येक भांडण त्याच दिवशी माहेरी कळवलं तर दोघं मिटवून मोकळी होतात, माहेरच्यांच्या मनात ते राहतं. मारहाणीबद्दल मात्र हे अजिबात लागू नाही. ते लगेच सांगायचंच.

<b>बाहेरची मदत</b>

घरचे उपाय दोन-तीन महिने करूनही काही हललं नाही, तर समुपदेशकाकडं जावं. सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात बसवलेली भावनांवर काम करणारी उपचारपद्धत साधारण ८ ते २० बैठकांची असते. त्यात कोण बरोबर याचा निवाडा होत नाही. मागं लागण्याच्या आणि पळण्याच्या फेऱ्याखाली दडलेली भीती दोघांना एकमेकांसमोर बोलून दाखवता येणं हे काम असतं. पैशाची अडचण असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मोफत मिळतो. हिंसा असेल तर महिलांसाठी १८१ आहे, २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वेगळं व्हायचंच ठरलं असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली संमतीनं अर्ज करायला आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतरच्या सहा महिन्यांच्या थांबण्यात योग्य कारण असेल तर न्यायालय सूट देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

समुपदेशनाला जोडीदार यायला तयार नसेल, तर एकट्यानं गेलं तरी चालतं. पहिल्या भेटीत "तो कसा आहे" याऐवजी गेल्या आठवड्यातला एकच प्रसंग सुरुवातीपासून सांगा: कोण काय म्हणालं, मग तुम्ही काय केलंत, मग समोरून काय आलं. त्यावरूनच समुपदेशकाला फेरा दिसतो, आणि त्यातला तुमच्या हातातला भाग कोणता हेही.